घागर उगारलेला हात

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अथेन्सच्या पार्थेनॉन या जुन्या ग्रीक देवळाच्या शिल्पांसाठी एक लांबलचक दालन आहे. दालनाच्या दोन्ही टोकांना साधारण सव्वा मीटर चौरसाचे संगमरवरी दगड भिंतीवर लावलेले आहेत. बहुतेक दगडांवर दोघंच : एक माणूस आणि एक सेंटॉर. सेंटॉर म्हणजे कमरेपर्यंत माणूस आणि त्याखाली घोडा. आपल्या शिल्पांतला अश्वमुखी किन्नर याच्या बरोबर उलट, तोंड घोड्याचं आणि अंग माणसाचं. 2016 च्या जूनमध्ये मी तिथे एकेका दगडापुढे थांबत चालले होते. कुणी कुणाचा गळा धरलाय, कुणी कुणाचे केस. एका दगडापाशी मात्र माझा पाय पुढे पडेना. एक तरुण खाली कोसळलाय आणि त्याने ढाल वर धरलीय. सेंटॉर त्याच्यावर चढून आलाय. त्याच्या हातात भाला नाही, तलवार नाही. पाण्याची घागर आहे. ती उगारून तो त्या पोराच्या डोक्यात घालणार आहे.

ही उगारलेली घागर मी आधी पाहिली होती.

1974 चा मे महिना. वाईला आमच्या वाड्याच्या चौकात धाकट्या आत्याचं लग्न होतं. मी नऊ वर्षांची. कृष्णेकाठच्या मळ्याची वाटणी आदल्याच वर्षी झाली होती, पंचांसमोर सह्या झाल्या होत्या, आणि आता सगळं मिटलं असं समजून माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, आपल्या चुलतभावाला हाताला धरून लग्नाला आणलं होतं. आम्ही त्यांना तात्याकाका म्हणायचो. दुसरी पंगत बसली होती, मठ्ठा वाढत होते. कुणीतरी विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा विषय काढला. तात्याकाका ताटावरून उठले. दादा त्यांना आवरायला पुढे झाले. मुदपाकाच्या दाराशी पितळी घागर भरून ठेवलेली होती.

घागर खाली आलेली मला आठवत नाही. उगारलेली आठवते, त्यांचे दोन्ही हात वर, घागरीतून सांडणारं पाणी आणि मांडवाच्या कापडातून तिच्यावर पडलेलं ऊन. त्यानंतर एकदम दादांच्या सदऱ्यावरचं रक्तच आठवतं, आणि मुंडावळ्यांसकट दारात उभी असलेली आत्या. दादांच्या उजव्या भुवईत तेव्हापासून एक पांढरी रेघ राहिली. तिथे पुन्हा केस उगवले नाहीत.

लंडनच्या त्या दगडाखालची पाटी वाचायला मला बराच वेळ लागला. दक्षिण बाजूची चौथी मेटोप, असं त्यावर होतं.

मेटोप म्हणजे काय ते सांगते. ग्रीक देवळाच्या खांबांवर आडवी तुळई असते, आणि तिच्यावर, छपराच्या खाली, चौकटींची एक पट्टी फिरते. उभ्या खाचांचा एक ठोकळा, मग एक चौकोनी फरशी, पुन्हा ठोकळा, पुन्हा फरशी. या फरशीला मेटोप म्हणतात. पुष्कळ देवळांत त्या कोऱ्याच सोडलेल्या असतात. पार्थेनॉनवर एकंदर 92 मेटोप आहेत आणि सगळ्यांवर शिल्पं होती, पुढे-मागे चौदा-चौदा आणि लांबीच्या दोन्ही बाजूंना बत्तीस-बत्तीस. देवळाचं काम इ. स. पू. 447 ला सुरू झालं, अथेन्सचा पुढारी पेरिक्लीज याच्या काळात, शिल्पकार फिडियसच्या देखरेखीखाली, आणि मेटोप हे त्यातलं सुरुवातीचं काम. छप्पर चढायच्या आत त्या आपापल्या खाचांत बसवाव्या लागत. दगडातून आकृत्या कुठे कुठे वीतभर बाहेर आलेल्या आहेत, हात आणि पाय तर पाठीमागच्या फरशीपासून पार सुटलेले. शस्त्रं ब्राँझची होती. ती आता गेली, त्यांच्यासाठी पाडलेली भोकं उरली. रंगही होता. आज आपण पाहतो ती पांढरी शुद्धता त्या कारागिरांच्या ओळखीची नव्हती.

आणि हे सगळं जमिनीपासून जवळजवळ 12 मीटर उंचीवर. खालून कुणाला घागर दिसणार, की तलवार? तरी त्या कारागिराने घागरच कोरली.

का, ते कळायला गोष्ट मुळापासून सांगायला हवी. ती आपल्याला परकी वाटू नये अशीच आहे.

ग्रीसमधल्या थेसली प्रांतात लॅपिथ नावाचे लोक राहत. त्यांचा राजा इक्सिऑन. त्याने लग्नाच्या वेळी सासऱ्याला बरंच काही द्यायचं कबूल केलं आणि दिलं नाही. सासऱ्याने तगादा लावला, तेव्हा याने त्याला घरी बोलावलं आणि निखाऱ्यांनी भरलेल्या खड्ड्यात ढकलून मारलं. आपल्याच माणसाचं रक्त कपटाने सांडणारा पहिला माणूस, असं पिंडार हा कवी त्याच्याबद्दल सांगतो. या पापातून त्याला कुणी सोडवेना. शेवटी देवांचा राजा झ्यूस याला दया आली, त्याने त्याला आपल्याकडे नेलं, पंगतीला बसवलं. तिथे याची नजर झ्यूसच्या बायकोवर, हेरावर गेली. झ्यूसने ढगाची हेरा करून त्याच्यापुढे ठेवली. त्या ढगापासून जे मूल झालं ते केंटॉरोस, आणि त्याचा पेलियन डोंगरातल्या घोड्यांशी संबंध येऊन पुढे जी प्रजा वाढली ते सेंटॉर. इक्सिऑनला झ्यूसने जळत्या चाकाला बांधलं. इकडे माणसांच्या घरात त्याच्या बायकोचा मुलगा पिरिथूस गादीवर बसला.

म्हणजे पिरिथूस आणि सेंटॉर एकाच घरचे. डायोडोरस हा जुना इतिहासकार तर पुढचंही सांगतो : सेंटॉरांनी पिरिथूसकडे बापाच्या राज्यातला आपला हिस्सा मागितला, त्याने दिला नाही, त्यावरून लढाई झाली. मग तडजोड झाली. मग पिरिथूसचं लग्न निघालं आणि नातेवाईक म्हणून सेंटॉरांना आमंत्रण गेलं. ते आले. त्यांना दारूची सवय नव्हती. ती चढल्यावर त्यांच्यातला युरिटिऑन उठला आणि त्याने नवरीलाच धरलं. बाकीच्यांनी हाताला येईल तिला. लग्नाला आलेल्या माणसांकडे शस्त्रं कुठून असणार? हाताशी होतं ते उचललं गेलं. म्हणून घागर. आणखी एका मेटोपवर सेंटॉर एका पोराला मोठ्या भांड्यावर उलथा पाडतो आहे. भांडं तिथे सजावटीला ठेवलेलं नाही. तो मांडव आहे, तिथे थोड्या वेळापूर्वी लोक जेवत होते.

मी हे पहिल्यांदा सलग वाचलं तेव्हा लगेच पुन्हा एकदा वाचलं. वाटणी, तडजोड, आमंत्रण, पंगत, घागर. अडीच हजार वर्षं आणि दोन समुद्र मध्ये आहेत, पण याला मराठीत जो शब्द आहे तो भाऊबंदकी, आणि तो इथे चपखल बसतो.

ग्रीक शिल्पांवरच्या पुस्तकांत या लढाईचा ठरलेला अर्थ दिलेला असतो. इ. स. पू. 480 मध्ये पर्शियन सैन्याने अथेन्स जाळलं, अक्रोपोलिसवरची जुनी देवळं उद्ध्वस्त केली. त्याच टेकडीवर पार्थेनॉन उभं राहिलं, तेव्हा अथेन्सच्या लोकांनी आपला विजय पुराणकथांच्या आडून सांगितला. पूर्वेला देव विरुद्ध राक्षस, पश्चिमेला ग्रीक विरुद्ध लढवय्या बायका, म्हणजे अ‍ॅमेझॉन, उत्तरेला ट्रॉयची लढाई, दक्षिणेला लॅपिथ विरुद्ध सेंटॉर. चारही बाजूंना एकच गोष्ट : शिस्त जिंकते, रानटीपणा हरतो. हा अर्थ खोटा आहे असं मी म्हणणार नाही. जळलेल्या टेकडीकडे पाहत मोठ्या झालेल्या पिढीने हे देऊळ बांधलं, ती आग त्यांच्या मनात असणारच.

पण मग चारही गोष्टी नात्यांतून का निघाव्यात? पूर्वेचे ते राक्षस, जायंट, हे पृथ्वीचे, म्हणजे गायाचे मुलगे. झ्यूसचा बाप क्रोनस हाही तिचाच मुलगा. म्हणजे ज्यांच्यावर झ्यूस वज्र टाकतो ते नात्याने त्याचे काकाच लागतात. पश्चिमेच्या अ‍ॅमेझॉन अथेन्सवर चालून आल्या, कारण अथेन्सच्या थेसियस राजाने त्यांच्यातली एक बाई पळवून आणून घरात ठेवली होती. ट्रॉयचं युद्ध पाहुणा म्हणून आलेल्याने यजमानाची बायको नेली म्हणून पेटलं. आणि दक्षिणेचं तर लग्नच. वेशीबाहेरून कुणी अनोळखी आला आणि लढाई झाली, असं या चौकटींत कुठेच नाही. उंबरठ्याच्या आत येऊन गेलेला, पंगतीत बसून गेलेला, नात्यात मोडणारा असा कुणीतरी प्रत्येक ठिकाणी आहे. मला वाटतं, त्या लोकांना भीती कशाची होती ते इथे दिसतं.

2019 च्या मार्चमध्ये मी मुलीबरोबर ग्रीसमध्ये ऑलिम्पियाला गेले. ती म्युनिकला असते, तिने सुट्टी काढली होती. ऑलिम्पियाच्या संग्रहालयाच्या मधल्या दालनात झ्यूसच्या देवळाच्या दोन्ही कपाळपट्ट्या, म्हणजे उतरत्या छपराच्या पुढचे-मागचे त्रिकोण, समोरासमोर लावलेले आहेत. हे देऊळ पार्थेनॉनच्या आधीचं, इ. स. पू. 470 ते 457 च्या दरम्यानचं. पूर्वेच्या त्रिकोणात रथांच्या शर्यतीआधीची शांतता आहे. पश्चिमेच्या त्रिकोणात तेच लग्न.

मी पश्चिमेपुढे दोन तास बसले. मुलगी मध्येच बाहेर जाऊन कॉफी पिऊन आली.

मध्यभागी तीन मीटरहून उंच अपोलो देव उभा आहे, उजवा हात आडवा पसरलेला, मान त्याच हाताकडे वळवलेली. त्याच्या दोन्ही अंगांना धुमश्चक्री. युरिटिऑनने नवरीला पुढच्या पायाने आणि हाताने आवळलंय, ती कोपराने त्याचं डोकं मागे रेटतेय, आणि तिचा चेहरा विलक्षण शांत आहे. इतका शांत की पहिल्यांदा मला राग आला. नंतर तिच्याकडे पाहता पाहता दारात उभी असलेली आत्या आठवली. तीही रडली नव्हती. ती कुणाकडेच पाहत नव्हती. त्या चेहऱ्याला शांत म्हणायचं की काय म्हणायचं, मला आजही ठरवता येत नाही.

उजवीकडे एका लॅपिथ पोराने सेंटॉरचा गळा करकचून आवळलाय, आणि सेंटॉरने त्याच्या दंडात दात रोवलेत. त्या पोराच्या कपाळावर आठ्या पडल्यात. या त्रिकोणातल्या माणसांचे चेहरे निर्विकार आहेत, दुखलेलं चेहऱ्यावर उमटू द्यायचं नाही असा जणू नियमच. सेंटॉरांना तो नियम लागू नाही, त्यांची तोंडं वेडीवाकडी होतात. पण या एका पोराचं कपाळ आक्रसलंय. कोरणाऱ्याला तेवढं दाबून ठेवता आलं नाही, किंवा ठेवायचं नव्हतं.

आणि मग कोपरे. त्रिकोण निमुळता होत जातो तिथे उभं राहायला जागा नसते, त्यामुळे शिल्पकाराला तिथे कुणाला तरी आडवं करावंच लागतं. दुसऱ्या देवळांत तिथे मरणारे योद्धे असतात. इथे म्हाताऱ्या बायका आहेत. उशांवर ओणव्या होऊन त्या लढाईकडे पाहतात. यातल्या काही मूर्ती पुढच्या काळात, मोडतोड झाल्यावर, दुसऱ्या संगमरवरात पुन्हा केलेल्या आहेत. म्हणजे बदलताना सुद्धा कुणाला त्या काढून टाकाव्याशा वाटल्या नाहीत. प्रत्येक घरच्या अशा भांडणाला कोपऱ्यातली एक म्हातारी असते. आमच्याकडे माझी आजी होती. तिने दोघांनाही अंगाखांद्यावर वाढवलं होतं, एकाला पोटचा म्हणून आणि एकाला दिराचा म्हणून. ती माजघराच्या उंबऱ्यावर बसून होती आणि तिने तोंडाला पदर लावला होता, एवढंच मला दिसतं.

अपोलो कुणालाच दिसत नाही असं मानतात. भोवतीचा एकही जण त्याच्याकडे पाहत नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसानियस नावाचा प्रवासी इथे येऊन गेला, त्याने देवळाचं बारीक वर्णन लिहून ठेवलं, आणि त्याने तर मधली मूर्ती पिरिथूसचीच मानली. देव त्यालाही ओळखू आला नाही. मला ही चूक आवडते. ज्याचं लग्न त्यानेच मध्ये उभं राहून हात पसरला असता, तर भांडण थांबलं असतं का?

पॉसानियसने आणखी दोन गोष्टी लिहून ठेवल्यात, आणि त्या वाचल्यापासून ते देऊळ मला वेगळंच दिसायला लागलं. पहिली ही, की एलिसच्या लोकांनी हे देऊळ बांधलं ते शेजारच्या पिसा गावाला लढाईत चिरडून मिळवलेल्या लुटीतून. ऑलिम्पियावर ताबा कुणाचा, या वादातले हे दोन शेजारी. दुसरी ही, की देवळाच्या शिखराशी, विजयदेवीच्या मूर्तीखाली, सोन्याची एक ढाल लावली होती. टानाग्राच्या लढाईत स्पार्टाच्या बाजूने अथेन्सच्या बाजूला हरवलं, त्याबद्दलचं ते दान. इ. स. पू. 457 ची लढाई. ग्रीकांनी ग्रीकांना मारलं आणि त्याची ढाल, ज्या ठिकाणी खेळांसाठी सगळ्या ग्रीकांनी शस्त्रं खाली ठेवून यायचं, त्याच ठिकाणच्या देवाच्या माथ्यावर चढवली.

पार्थेनॉनचं काम इ. स. पू. 432 ला संपलं. पुढच्याच वर्षी अथेन्स आणि स्पार्टाचं ते लांबलेलं युद्ध सुरू झालं, आणि सत्तावीस वर्षांनी संपलं तेव्हा अथेन्स हरलेलं होतं.

याच युद्धाच्या काळातलं एक देऊळ बासीला आहे, आर्केडियाच्या डोंगरात, अकराशे मीटरहून उंचावर. तिथे आम्हाला जाता आलं नाही. त्याची आतली पट्टी लंडनलाच आहे, तेवीस दगड, एकतीस मीटर लांब, आणि तिच्यातही अ‍ॅमेझॉन आणि हे लग्न. दगड 1811-12 मध्ये सापडले ते इतस्ततः पडलेले, त्यामुळे कुठला कुणाशेजारी होता यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. त्यातला एक दगड मी विसरू शकत नाही. कायनियस नावाच्या लॅपिथाला शस्त्र लागत नसे, म्हणून दोन सेंटॉर त्याच्या दोन्ही बाजूंनी एक मोठा धोंडा त्याच्या डोक्यावर आणून त्याला जिवंतपणीच जमिनीत ठोकतायत. कमरेपर्यंत तो आत गेलाय. ज्याला मारता येत नाही त्याला गाडायचं, हे माणसाला किती लवकर सुचलेलं आहे.

म्युनिकला मुलीच्या घरापासून ग्लिप्टोथेक हे शिल्पसंग्रहालय जवळ आहे, तिथे ग्रीसच्या इजिना बेटावरच्या अफाया देवीच्या देवळातले योद्धे आहेत. ते ट्रॉयचे. पश्चिमेच्या त्रिकोणातला एक जण मरताना हसतो, पूर्वेच्या त्रिकोणातला, जो वीस-एक वर्षांनी नंतरचा असावा असं मानतात, ढालीच्या आधाराने खाली सरकतो आणि हसत नाही. त्याच्याबद्दल सगळेच लिहितात, मी जास्त लिहीत नाही. फक्त एक. वाईजवळ किकलीला भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात वीरगळ आहेत, लहानपणी आम्ही त्यांच्यावर चढून खेळायचो. वीरगळावर खालच्या चौकटीत वीर पडतो, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला हाताला धरून वर नेतात, सगळ्यात वर तो महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला असतो. इजिनाच्या त्या पडणाऱ्या माणसाला वरची चौकट नाही. मी त्याच्यापुढे उभी असताना सवयीने वर पाहिलं होतं.

पुन्हा त्या घागरीकडे येते.

पार्थेनॉनचं चर्च झालं तेव्हा पूर्व, पश्चिम आणि उत्तरेच्या मेटोपवरची बहुतेक शिल्पं छिन्नीने तासून काढली गेली. आज त्यांच्यापुढे उभं राहिलं की ओल आलेल्या भिंतीवर दिसतात तसे नुसते डाग दिसतात, हा घोडा असेल, हे झगा घातलेलं माणूस असेल. उत्तरेची शेवटची मेटोप तेवढी सुटली. तिच्यात दोन बायका आहेत, एक बसलेली, एक समोर उभी, आणि ती ख्रिश्चनांना मारियेला देवदूताने दिलेली येशूच्या जन्माची वर्दी वाटली असावी. दक्षिणेची बाजूही सुटली. 1674 मध्ये फ्रान्सचे राजदूत नुआंतेल अथेन्सला आले, त्यांच्याबरोबरच्या चित्रकाराने, बहुधा जाक कारे याने, दक्षिणेच्या बत्तीसही मेटोप खालून पाहून काढून घेतल्या. त्यानंतर तेराच वर्षांनी, 26 सप्टेंबर 1687 ला, व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा देवळावर पडला. आत तुर्कांनी दारूगोळा साठवला होता. दक्षिण बाजूचा मधला भाग हवेत उडाला. तिथल्या मेटोप कशा होत्या हे आता त्या चित्रांवरूनच कळतं, आणि गंमत नव्हे तर हळहळ अशी की मधल्या चौकटींत सेंटॉर नव्हतेच, काही बायका आणि माणसं होती, त्यांची गोष्ट कोणती ते कुणालाच नीट लावता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तुर्कस्तानातले ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिन यांच्या माणसांनी दक्षिणेच्या मेटोप खाचांतून वर ओढून काढल्या. वरची दगडी कड तोडल्याशिवाय त्या निघत नव्हत्या, म्हणून ती तोडली. त्यातल्या पंधरा लंडनला आहेत. अथेन्सच्या अक्रोपोलिस संग्रहालयात वरच्या मजल्यावर देवळाच्याच मापाने आणि देवळाच्याच दिशेने सगळं मांडलंय, काचेतून समोर खरं पार्थेनॉन दिसतं, आणि जे लंडनला आहे त्याच्या जागी पांढरंफटक प्लास्टर लावलंय. ते दगड परत जायला हवेत असं मला वाटतं. अथेन्सच्या त्या उन्हात प्लास्टरपुढे उभं राहून याखेरीज दुसरं काही वाटू शकेल, असं मला वाटत नाही.

आणि चौथ्या मेटोपमधल्या त्या दोघांची डोकी कोपनहेगनला आहेत. स्फोटानंतरच्या धामधुमीत व्हेनिसच्या सैन्यातल्या एका डॅनिश अधिकाऱ्याच्या हाती ती लागली, आणि 1688 मध्ये ती डेन्मार्कच्या राजाकडे पोचली. ती पार्थेनॉनची आहेत आणि त्यांची धडं लंडनला आहेत, हे ओळखू यायला एकोणिसावं शतक उजाडलं.

तात्याकाका आणि दादा एकतीस वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. वाड्याच्या चौकात भिंत आली, आधी पत्र्याची, मग विटांची. आत्याच्या लग्नाचा फोटो आमच्याकडे आहे, त्यात दादांच्या शेजारची जागा कात्रीने कापलेली आहे. कुणी कापली ते कुणी सांगितलं नाही. आमच्या घरात तात्याकाकांचं नाव निघालं की त्यांचा राक्षस व्हायचा. ते मला खांद्यावर बसवून घाटावर न्यायचे, पाण्यात पाय सोडून बसवायचे, गणपतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर शेंगदाणे सोलून द्यायचे, हे मी घरात कधी बोलले नाही. नवव्या वर्षी कळून चुकतं की काही आठवणी बोलायच्या नसतात.

2005 मध्ये दादा गेले. दहाव्याच्या दिवशी तात्याकाका भिंतीला वळसा घालून आमच्या दाराशी आले. ऐंशीला टेकले होते, हातात काठी होती. ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले. कुणीही त्यांना आत या म्हटलं नाही. मी दारापासून चार पावलांवर होते. मीही म्हटलं नाही. ते थोडा वेळ थांबले आणि गेले. पुढच्या वर्षी तेही गेले.

दक्षिणेच्या सेंटॉरांचे चेहरे मी म्हणूनच इतकी वर्षं पाहत आलेय. ते एकसारखे नाहीत. काहींची तोंडं मुखवट्यासारखी ठोकळेबाज, नुसती डरकाळी फोडणारी. अठ्ठाविसाव्या मेटोपमध्ये तर सेंटॉर जिंकलाय, मेलेला पोरगा पायाशी पडलाय आणि हा हातावर कातडं झुलवत झेप घेतोय. शेजारच्या सत्ताविसाव्यात लॅपिथाची सरशी होतेय. सेंटॉर पाठीत झालेल्या जखमेकडे हात नेतोय आणि लॅपिथाचा झगा त्याच्या मागे पडद्यासारखा पसरलाय. कुणी म्हणेल, वेगवेगळ्या कारागिरांचे वेगवेगळे हात. खरंच आहे, एवढ्या मेटोप थोड्या वर्षांत व्हायच्या तर अनेक हात लागणारच. पण सेंटॉरांच्या उरलेल्या सगळ्या चौकटी एकेक करून पाहत गेलं तर कोण जिंकलं ते शेवटपर्यंत कळत नाही. पुराणात लॅपिथ जिंकतात. दगडात अजून चालू आहे.

2023 च्या मे महिन्यात आम्ही कोपनहेगनला गेलो. राष्ट्रीय संग्रहालयातल्या प्राचीन वस्तूंच्या दालनात ती दोन डोकी आहेत, खऱ्या माणसाच्या डोक्यापेक्षा लहान. एक तरुण, बिनदाढीचं. एक दाढीवाल्या, वय झालेल्या माणसाचं. खाली घोड्याचं अंग नसलं की सेंटॉर हा नुसता म्हातारा माणूस असतो. हे मला तिथे जाईपर्यंत सुचलं नव्हतं. जे डोळे 12 मीटर उंचीवरून खालच्या कुणाला दिसले नसतील, ते माझ्यासमोर होते. मुलीने विचारलं, आई, यातला मारणारा कोण? मी तिला बोट करून दाखवलं आणि पुढे काही बोलता येईना, म्हणून खिडकीकडे गेले.

रात्री हॉटेलवर मी लंडनचा माझा जुना फोटो, त्या दुपारी काढलेले दोन फोटो आणि 1674 च्या चित्राची छापून आणलेली प्रत पलंगावर मांडली. डोकी धडांशी लावून पाहिली. माप जुळायला थोडा वेळ लागला, एक फोटो जवळून काढलेला होता आणि एक लांबून. मुलगी उशीला टेकून पाहत होती. चित्रात दोघंही पुरे होते, पोरगा खाली, काका वर.

घागर अजून खाली आलेली नव्हती.